अलाऊ दाबलंस ना? आता मी सांगते ते कर

आधी तो माऊस खाली ठेव. ठेवलास? आता मागे टेकून बस आणि दोन घोट पाणी पी. मी कुठे जात नाहीये.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा, खरं सांगू का, माझ्या पोटात धस्स झालं. "ताई, संपलं सगळं," अशी सुरुवात केलीस तू. मला वाटलं तुझ्या सासऱ्यांना, अप्पांना काही झालं. निघालं काय, तर कॉम्प्युटरच्या उजव्या कोपऱ्यात खालून उगवणारी एक चौकट. टिंग वाजतं, लाल ढालीचं चित्र येतं, 'तुमच्या पीसीत पाच व्हायरस सापडले' असं इंग्रजीत खडसावलं जातं, आणि तू फुली मारतेस तोवर तिची धाकटी बहीण हजर. त्यात नववीचा ऑनलाइन तास चालू, स्क्रीन सगळ्या मुलांना दिसतेय, आणि नेमकं तेव्हाच कोपऱ्यात कुणी अर्धवट कपड्यातली बाई येऊन 'मी तुझ्या जवळच राहते, बोलशील का' म्हणून विचारतेय. मुलं खिदळली, एकाच्या आईचा खोचक मेसेज आला, आणि तू वर्ग बंद करून स्वयंपाकघरात जाऊन रडलीस.

बरं. रडून झालंय ना? मग ऐक. बहुतेक वेळा असतं तसंच तुझ्याकडेही आहे. हा व्हायरस नाही आणि तुझा कॉम्प्युटर कोणी हॅकही केलेला नाही. त्या चौकटी दाखवायची परवानगी तुझ्याच घरातून, तुझ्याच माऊसने, कोणीतरी दिली आहे. दिलेली परवानगी काढून घेता येते. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यातली तीन मिनिटं माझ्यासारखीची चष्मा शोधण्यात जातात.

हे बघ, आपल्या पेपरवाल्याचं कसं असतं? एकदा त्याला 'उद्यापासून टाक रे' म्हटलं की तो रोज पहाटे पेपर टाकून जातो. तू झोपलेली असलीस तरी टाकतो, गावाला गेलीस तरी दाराशी गठ्ठा साचतो. ब्राउझरचं नोटिफिकेशन नेमकं असंच आहे. एखाद्या साइटला तू 'अलाऊ' म्हटलंस की तिचा रतीब सुरू. मग ती साइट उघडलेली असो वा नसो, तिचे निरोप ब्राउझरमार्फत थेट तुझ्या कोपऱ्यात येऊन पडतात. क्रोमने ही सोय २०१५ साली आणली. हेतू चांगलाच होता, बातमी कळावी, मेल आलेली कळावी. पण चांगली सोय दिसली की तिच्यात हात घालणारे दहाजण आलेच.

आता मला सांग, पेपर बंद करायचा तर तू काय करशील? घर झाडून काढशील? अँटिव्हायरस चालवणं म्हणजे तेच. घर लख्ख होईल, पण उद्या पहाटे पेपर पुन्हा दारात. कॉम्प्युटर बंद करून चालू करणं म्हणजे दार लावून उघडणं, त्यानेही काही होत नाही. पेपर बंद करायचा तर पेपरवाल्यालाच सांगायला लागतं.

हे शहाणपण मला आलं कुठून, तर ठेच लागून. ऐक माझी फजिती, म्हणजे तुझं रडू थांबेल.

हरतालिकेच्या आधीचे दिवस होते. आमच्या मजल्यावरच्या सगळ्याजणींना मी आरत्यांच्या छापील प्रती देणार, असं मोठ्या तोऱ्यात सांगून बसले होते. एका साइटवर आरती सापडली. क्लिक केलं तर पान काळं, मधे एक गोल गोल फिरणारं चक्र, आणि खाली मजकूर, 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा.' वर डाव्या हाताला, जिथे साइटचा पत्ता असतो त्याच्या खाली, एक छोटी पांढरी चौकट उघडलेली. तिच्यात एक घंटीचं चित्र आणि दोन बटणं, 'ब्लॉक' आणि 'अलाऊ'. पानावर एक मोठा बाण बरोबर अलाऊकडे नाचतोय. आणि मी बाई, मी रोबोट नाही हे सिद्ध करायला इतकी उतावीळ, की एकदा नाही, तीनदा अलाऊ दाबलं. आरती मिळालीच नाही. मिळाला तो रतीब.

ती चौकट नीट आठव, कारण सगळी मेख तिथेच आहे. काळं पान, चक्र, बाण, हे सगळं त्या भामट्याच्या साइटने रंगवलेलं असतं. ती घंटीवाली पांढरी चौकट मात्र ब्राउझरची स्वतःची, खरीखुरी असते. तिच्यात लिहिलेलं असतं एवढंच, की अमुक साइटला तुम्हाला नोटिफिकेशन दाखवायची आहेत. रोबोटचा तिथे काही संबंध नाही. खरी 'मी रोबोट नाही' वाली परीक्षा पानाच्या आतच होते, चौकोनात टिक करायला लावतात नाहीतर सिग्नल असलेली चित्रं निवडायला लावतात. त्यासाठी नोटिफिकेशनची परवानगी कोणीही मागत नाही. 'व्हिडिओ बघायला अलाऊ दाबा', 'डाउनलोडला अलाऊ दाबा', 'वय अठरा पूर्ण आहे, अलाऊ दाबा', ही सगळी एकाच माळेची सोंगं.

मग पुढे? पुढे मी काय केलं असेल सांग. नवऱ्याला सांगितलं नाही. अकरा दिवस लपवलं. स्क्रीनच्या त्या कोपऱ्यावर चक्क एक पिवळी चिठ्ठी चिकटवली, चौकट दिसू नये म्हणून. ह्यांनी विचारलं तर मी म्हणाले, दुधाचा हिशोब आहे. बाराव्या दिवशी सीपीयू जुन्या चादरीत बांधला, काळी-पिवळीत मांडीवर घेतला आणि निघाले लॅमिंग्टन रोडला. नागपाड्याच्या सिग्नलला टॅक्सीवाला विचारतो, "मांजर आहे का काय?" दुकानातल्या पोराने बघितलं न बघितलं, म्हणाला फॉरमॅट करायला लागेल. पाचशे रुपये घेतले आणि सगळं धुऊन टाकलं. धुऊन म्हणजे खरोखर धुऊन. त्यात आमच्या बारा जणींच्या भिशीचा वर्षाचा हिशोब गेला. मग मी एकेकीकडे जाऊन 'तुझे किती भरले होते गं' असं विचारत हिंडले. अकरा जणींनी खरं सांगितलं. बारावीबद्दल मी आजही काही बोलत नाही.

आणि घरी येऊन कॉम्प्युटर जोडल्यावर पहिलं काम काय केलं? आरती राहिली होती ना. त्याच साइटवर गेले आणि पुन्हा अलाऊ दाबलं.

हसलीस! छान. आता चल, माऊस हातात घे.

तू क्रोम वापरतेस. वर उजव्या टोकाला तीन उभे ठिपके आहेत, त्यांच्यावर टिचकी मार, खाली 'सेटिंग्ज' दिसेल. आत गेलीस की डावीकडे 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स'. पायऱ्या विसरलीस तर सेटिंग्जच्या वर शोधायची जागा असते, तिथे नोटिफिकेशन असं इंग्रजीत टाईप कर, ते पान आपोआप समोर येईल. ही शोधायची युक्ती एजमध्ये चालते, फायरफॉक्समध्येही चालते. प्रत्येक नव्या आवृत्तीत हे लोक कपाटातले डबे इकडचे तिकडे करतात, म्हणून रस्ता पाठ करत बसू नकोस.

त्या पानावर खाली दोन याद्या दिसतील. एक, ज्यांना मनाई आहे त्यांची. दुसरी, ज्यांना परवानगी आहे त्यांची. दुसरी यादी हाच आपला रतीब. माझ्या यादीत सतरा नावं निघाली होती. त्यातली तीन मला माहीत होती. बाकीची अशी, की जणू पिठाच्या डब्यातून अक्षरं चाळून कोणीतरी ओळीने मांडलीत, ना अर्थ ना उच्चार. पोपटी रंगाची साडी तू विसरशील, पण असल्या नावाच्या दुकानात तू कधी पाऊल ठेवलं नाहीस हे तुला नक्की कळेल. अशा प्रत्येक नावापुढे तीन ठिपके असतात. तिथे 'ब्लॉक' आणि 'रिमूव्ह' असे दोन पर्याय दिसतील. बघ हं, इथे बायका गोंधळतात. रिमूव्ह म्हणजे नाव यादीतून पुसलं, पण उद्या तू चुकून पुन्हा त्या साइटवर गेलीस तर ती पुन्हा विचारू शकते. ब्लॉक म्हणजे दारावर पाटी, येऊच नका. अनोळखी सगळ्यांना ब्लॉक कर. संकोच करू नकोस, ते काही घरी येऊन 'वहिनी रागावल्या का' विचारणार नाहीत.

कोणती चौकट कोणाची हे शोधायचं असेल, तर पुढची आली की तिच्यावर क्लिक न करता नुसती वाच. ढाल, टक्केवारी, लाल अक्षरं सोड. बारीक अक्षरांत 'गूगल क्रोम' आणि शेजारी साइटचा पत्ता असतो. मायक्रोसॉफ्टचं नाव मोठ्याने मिरवणाऱ्या चौकटीच्या तळाशी असलं काहीतरी अगम्य नाव दिसलं की सोंग उघडं पडलं.

हे झालं की त्याच पानावर वर जा. साइट्सना नोटिफिकेशन पाठवूच द्यायचं नाही असा पर्याय आहे, तो निवडून टाक. मग कोणी विचारायलाच येणार नाही. तू म्हणशील, उपयोगाचं काही हुकलं तर? काही हुकत नाही गं. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने २०१९ मध्ये पाहणी केली होती, तेव्हा शंभरातल्या सुमारे नव्याण्णव वेळा लोक या परवानगीला हो म्हणतच नाहीत असं दिसलं. मग जानेवारी २०२० पासून त्यांनी ती विचारणारी चौकट आपणहून उघडणं बंदच केलं. तुझं व्हॉट्सॲप वेब किंवा कॅलेंडर राहू दे हवं तर यादीत, तेवढे दोन पुरे. अप्पांच्या मोबाईलवरच्या क्रोममध्येही अशीच यादी असते, तीही एकदा बघून घे.

एवढं करूनही एखादी चौकट डोकावलीच, तर क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या सोयींच्या, पानावर जा. पीडीएफ बदलून देणारं, कूपन शोधून देणारं, वॉलपेपर देणारं काहीतरी तिथे हळूच येऊन बसलेलं असतं. ज्याचं नाव तुला सांगता येत नाही ते काढून टाक. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये बसवलेल्या ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लाव. ज्या आठवड्यात हा त्रास सुरू झाला त्या आठवड्यातले पाहुणे लगेच डोळ्यात भरतील. आणि तरीही धाकधूक असेल तर विंडोज सिक्युरिटी उघडून पूर्ण तपासणी लाव आणि कुकर चढव. विंडोज दहा आणि अकरामध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासूनच असतो, फुकट असतो. चौकटीत 'तुमचं मॅकॅफी संपलं', 'नॉर्टन आजच भरा' असं येतं ना? तू ते कधी घेतलंच नव्हतंस, मग संपेल कसं? त्या कंपन्या खऱ्या आहेत, पण चौकट त्यांची नसते. कित्येकदा मधला दलाल कमिशनसाठी तुला घाबरवून त्यांच्या दुकानात ढकलत असतो. काही वेळा दुकानसुद्धा खोटं असतं आणि हवा असतो तो तुझ्या कार्डाचा नंबर.

आता दुसरा प्रकार सांगते, कारण तो कोपऱ्यात बसत नाही, अंगावर येतो. एका रात्री दहा वाजता माझ्या सगळ्या स्क्रीनवर निळं पान पसरलं, मायक्रोसॉफ्टचा शिक्का, खाली मोठा फोन नंबर, आणि एक बाई इंग्रजीत ओरडायला लागली की कॉम्प्युटर बंद करू नका, तुमची बँकेची माहिती चोरीला जातेय. सोबत भोंगा. घोडपदेवच्या आमच्या जुन्या भिंती तुला माहीत आहेतच, पलीकडे कोणी शिंकलं तर आपण 'देवा' म्हणतो. शेजारच्या काकूंनी भिंत ठोठावली, म्हणाल्या, "आग लागली का गं?" माझी बोटं थरथरत होती. फुली कुठे दिसेना, माऊस सरकेना.

अशा वेळी माऊसला हातच लावू नकोस, कारण पानावरची फुलीसुद्धा रंगवलेली असते. कीबोर्डवर डाव्या वरच्या कोपऱ्यातलं एस्केप बटण दाबून धर. नुसतं टिचकीसारखं नको, कुकरची शिट्टी दाबून धरतो तसं दोन-तीन सेकंद. पान आक्रसलं की आल्ट आणि एफ चार एकत्र दाब, खिडकी बंद होईल. नाहीच झाली तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात क्रोम निवडून 'एंड टास्क'. तेही सुचलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धर, मरू दे मेलं. पुन्हा उघडल्यावर क्रोम प्रेमाने विचारेल, आधीची पानं परत आणू का? नको म्हण. माझ्यासारखं सवयीने हो म्हणालीस तर ती बाई पुन्हा ओरडायला हजर. हो, मी म्हणाले होते. काकूंनी त्या रात्री दोनदा भिंत ठोठावली.

आणि एक गोष्ट कुंकवासारखी कपाळावर लावून ठेव. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. ते त्यांनीच सांगितलंय. नंबर दिसला की समजायचं, पलीकडे मायक्रोसॉफ्ट नाही.

मग पलीकडे असतो कोण? खरं सांगू का, आपल्याच शेजारपाजारचा एखादा मुलगाही असू शकतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली, आठवतं? शेकडो मुलं-मुली कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये देशभरात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यातली काही प्रकरणं ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून उभी राहिली होती. त्या तक्रारींतली पद्धत हीच. परदेशातल्या माणसाच्या स्क्रीनवर सुरक्षेचा इशारा वाटेल अशी चौकट उगवायची, तिच्यात नंबर, आणि नंबरवर गोड आवाज. तिकडची आजी फसते तशी इकडचीही फसते. तो आवाज 'मॅडम' म्हणतो, धीर देतो, तुला कोणी आठवडाभरात दिला नसेल एवढा. म्हणून तर माणसं बोलत राहतात.

तो काय करतो ते सांगून ठेवते, म्हणजे नाटक ओळखता येईल. आधी तुझ्याकडून स्क्रीन दुरून चालवायचं एखादं ॲप उतरवून घेतो, एनीडेस्क किंवा तसंच दुसरं. ॲप बिचारं चांगलं असतं, ऑफिसांमध्ये रोज वापरतात. मग तो तुझ्या कॉम्प्युटरमधला 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडतो. त्यात लाल-पिवळ्या खुणांची लांबच लांब यादी असते. "बघा मॅडम, किती एरर!" अगं, तशी यादी प्रत्येक धडधाकट कॉम्प्युटरमध्ये असते, जसे प्रत्येक घरच्या डाळीत दोन खडे असतात. मग काळी खिडकी उघडून एक आज्ञा टाईप करतो, तिथे 'फॉरेन ॲड्रेस' असा रकाना येतो. म्हणतो, बघा, परदेशातून कोणीतरी शिरलंय. त्या शब्दाचा तिथला अर्थ इतकाच, की जोडणीच्या दुसऱ्या टोकाचा पत्ता. तू मराठी बातम्यांची साइट उघडलीस तरी तो रकाना भरतो. एवढं घाबरवून झालं की मग रक्कम, कार्ड, ओटीपी.

तू म्हणशील, मी काय इतकी बावळट आहे? नाहीस. बावळट माणसं नाही फसत गं, घाईत असलेली फसतात. दारात कचरेवाला, गॅसवर दूध, समोर नववीचं बीजगणित आणि कोपऱ्यात लाल ढाल, अशा वेळी कोणाचंही बोट घसरतं.

त्यावरून आठवलं, अप्पांना बोलू नकोस. मला माहितीये, क्रिकेटची मॅच फुकटात बघायला ते त्या साइट्सवर जातात, आणि तिथेच 'अलाऊ दाबल्याशिवाय मॅच दिसणार नाही' असं येतं. यादीतली निम्मी नावं त्यांचीच निघतील बघ. पण आयुष्यभर कार्ड पंच करून कामावर गेलेल्या माणसाला सुनेने नातवंडांसमोर 'तुम्हीच केलंत' म्हटलं की ते पुढच्या वेळी काही झालं तर सांगायचेच नाहीत. मी अकरा दिवस लपवलं ते कशाला? ह्यांच्या एका 'तरी मी म्हणत होतो' ला घाबरून. अकरा दिवस नुसत्या चौकटी होत्या म्हणून ठीक. त्या जागी ओटीपी दिला असता तर अकरा मिनिटंही महाग पडली असती. त्यापेक्षा अप्पांना शेजारी बसव, त्यांच्याच हाताने ती नावं ब्लॉक करायला लाव. त्यांना मजा येईल, त्यांच्या माहितीतल्या युनियनमधल्या फितुरांची नावं घेत करतील. आणि कॉम्प्युटरवर त्यांच्यासाठी वेगळं खातं करून दे, ॲडमिनचे अधिकार नसलेलं. म्हणजे त्यांची मॅच आणि तुझा वर्ग एकमेकांच्या पायात येणार नाहीत.

आता हे देव करो आणि लागू नये, पण ऐकून ठेव. कोणाकडून पैसे गेलेच, तर पहिला फोन १९३० ला. रडायला मला नंतर फोन कर. हा सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक आहे. तिथे कळवलं की पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते अडवायचा प्रयत्न होतो, आणि ते पुढे सरकायच्या आत अडवायचे असतात म्हणून घाई. हाताशी रक्कम, वेळ, आणि बँकेच्या मेसेजमधला व्यवहाराचा क्रमांक ठेव. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या साइटवरही नोंदवता येते. लगेच पुढचा फोन बँकेला, आणि तक्रारीचा नंबर लिहून घे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. त्यात म्हटलंय की ओटीपी वगैरे ग्राहकाने स्वतः दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे तुझ्या एका फोनने कोणाच्या खिशाला कात्री लागायची ते ठरतं. दुरून चालवायचं ॲप उतरवलं असेल तर आधी वायफायच्या डबीची वायर काढ, मग ॲप काढून टाक, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या कोणाच्या फोनवरून.

पण तुझं तिथवर गेलेलं नाही. तू कोणाला फोन केलेला नाहीस, काही भरलेलं नाहीस, कार्ड दिलेलं नाहीस. तुझ्या घरात फक्त नको असलेला पेपर पडतोय.

आणि हो, त्या मुलाच्या आईला उत्तर दे. माफीनामा नको लिहूस. 'कॉम्प्युटरवर जाहिरातींचा त्रास होता, काढून टाकलाय, तुमच्याकडे तसं काही येत असेल तर कसं काढायचं ते सांगते,' एवढंच पाठव. पैज लाव, दोन दिवसांत तिचाच फोन येईल. यापुढे वर्ग घेताना सगळी स्क्रीन दाखवू नकोस, फक्त फळ्याची खिडकी दाखव, म्हणजे कोपऱ्यात कोणी आलंच तर ते तुझ्या एकटीचं. आणि विंडोजमध्ये 'डू नॉट डिस्टर्ब' असतं, ते तासाआधी चालू करायचं. मी तर ते दुपारच्या झोपेलाही लावते, उपयोग शून्य, पण बरं वाटतं.

चल, साडेदहा झाले. राहिलेलं आज रात्री नको करूस, डोळे सुजलेत तुझे. उद्या सकाळी भायखळ्याच्या मंडईतून भाजी घेऊन आलीस की अप्पांचा चहा व्हायच्या आत बस. यादी रिकामी झाली की मला फोटो पाठव. स्क्रीनशॉट नको, तुझे स्क्रीनशॉट कुठे जातात ते तुलाच सापडत नाहीत, सरळ मोबाईलने काढ. आणि माझा तो झाकणाचा स्टीलचा डबा दिवाळीपासून तुझ्याकडे आहे. अप्पांबरोबर पाठवून दे, ते संध्याकाळी राणीबागेत फिरायला येतात तेव्हा. रिकामा पाठवू नकोस म्हणजे झालं.